उसने आभाळ

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांचे एखादे पुस्तक हाती आले, तर त्यातली निसर्गदृश्ये जरा निरखून पाहा. डोंगराच्या घड्या दिसतात, देवळाच्या शिखरावरची नक्षी दिसते, झाडाचे पानन्‌पान मोजता येईल इतके स्पष्ट असते. पण वर आभाळ मात्र कोरे! ढगाचा एक पुंजका नाही, क्षितिजाकडे फिकट होत जाणारी छटा नाही, नुसता कागद. जणू १८५० ते १८८० या काळात जगात कुठे ढग येतच नव्हते.

अशी पंचवीस-तीस पाने उलटल्यावर एखादे चित्र वेगळे निघते. खाली समुद्र, वर ढगांनी भरलेले आभाळ, ढगांच्या कडा उजळलेल्या. काळ तोच, कॅमेरा त्याच जातीचा, रसायनेही तीच. मग याला ढग मिळाले कुठून?

हे शोधायला थोडे प्रकाशाचे भौतिकशास्त्र लागते, थोडे चांदीचे रसायनशास्त्र लागते आणि बरीचशी अंडी लागतात. शिवाय वाटेत एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो : छायाचित्र पुरावा मानायचा असेल, तर नेमका कशाचा? इतिहास-भूगोल शिकवताना आपण जुनी छायाचित्रे मुलांसमोर ठेवतो ती ‘तेव्हा हे असे होते’ हे सांगण्यासाठी. म्हणून हे प्रकरण शिक्षकांनी मुळातून पाहावे असे आहे.

चांदीचा डोळा

छायाचित्रण उभे राहिले ते चांदीच्या क्षारांवर. सिल्व्हर क्लोराइड, सिल्व्हर ब्रोमाइड, सिल्व्हर आयोडाइड यांवर प्रकाश पडला की त्यांचे विघटन सुरू होते आणि चांदीचे सूक्ष्म कण मोकळे होतात. हे कण इतके बारीक असतात की ते चकाकत नाहीत, काळे-तपकिरी दिसतात. मात्र ‘प्रकाश’ हा शब्द इथे फार ढोबळ झाला. हे क्षार सगळ्या रंगांना दाद देत नाहीत. निळा, जांभळा आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील, एवढ्या प्रकाशाचाच त्यांच्यावर परिणाम होतो. हिरव्याच्या बाबतीत ते जवळजवळ आंधळे, तांबड्याच्या बाबतीत तर ठार आंधळे. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा का चालतो, याचेही कारण हेच.

आता निळ्या आभाळातला पांढरा ढग डोळ्यांसमोर आणा. आपल्याला तो वेगळा दिसतो, कारण ढगाकडून सगळे रंग येतात आणि आभाळाकडून मुख्यतः निळा. पण ज्याला फक्त निळाच दिसतो त्याचे काय? ढगाकडूनही निळा भरपूर, आभाळाकडूनही भरपूर. दोघे सारखेच उजळ. ढग दिसणार कसा?

यात आणखी एक भर पडे. हिरवी झाडी, तांबडी माती, काळा कातळ यांच्याकडून निळा प्रकाश फारच थोडा येतो. त्यांचे चित्र उमटायचे तर भिंगावरचे टोपण काही सेकंद, कधी काही मिनिटे काढून ठेवावे लागे. आभाळाला याच्या लहानशा अंशाइतका वेळ पुरेसा होता. झाडासाठी थांबावे, तोवर निगेटिव्हवरचा आभाळाचा भाग काळाकुट्ट होऊन जाई. छपाईच्या वेळी त्या काळ्या भागातून प्रकाश पलीकडे जात नसे आणि कागद तिथे मूळचा पांढराच राहत असे. म्हणजे जुन्या छायाचित्रातले कोरे आभाळ पाहून ‘त्या दिवशी आभाळ निरभ्र होते’ असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या दिवशी वळवाचे ढग दाटलेले असतील, तरी चित्र असेच आले असते.

हे शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येते. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे थोडे द्रावण घेऊन त्यात मिठाचे पाणी घाला. दह्यासारखा पांढरा साका येईल; हे सिल्व्हर क्लोराइड. तो गाळून, ओला गाळणकागदच पसरून त्याचे दोन तुकडे करा. एकावर निळा जिलेटिन कागद, दुसऱ्यावर तांबडा जिलेटिन कागद ठेवा आणि दोन्ही उन्हात न्या. निळ्याखालचा साका बघता बघता जांभळट होत काळवंडतो, तांबड्याखालचा बराच वेळ जसाच्या तसा राहतो. हे काम सावलीत करावे आणि हातमोजे घालावेत. सिल्व्हर नायट्रेटचे डाग बोटांवर आठवडाभर राहतात. त्या काळी छायाचित्रकार ओळखायचा तो त्याच्या काळ्या बोटांवरून, असे म्हणत.

क्षारांचे हे आंधळेपण कमी करण्याची युक्ती जर्मनीत हर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये सापडली. काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, तर हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचीही नोंद होते, असे त्यांच्या लक्षात आले. सगळ्या रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला मात्र १९०६ साल उजाडले. मधल्या अर्ध्या शतकात ज्याला आभाळ हवे होते, त्याला ते हाताने मिळवावे लागले. आणि ही हाताची कामगिरी कॅमेऱ्यापाशी होत नव्हती, छपाईच्या चौकटीपाशी होत होती.

अंड्याचा कागद

आज आपण ‘फोटो काढणे’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. १८५०-६० मध्ये काढणे हे अर्धे काम होते, छापणे हे उरलेले अर्धे. काढण्याचे काम किती जिकिरीचे होते ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच लगेच डेव्हलप करायची. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांत आटपायचे. म्हणून डोंगरात जाणाऱ्याला अंधारी खोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. सॅम्युएल बॉर्न यांनी १८६६ मध्ये हिमालयातल्या मनिरंग खिंडीत, १८,००० फुटांहून अधिक उंचीवर, याच पद्धतीने छायाचित्रे घेतली. काचा, बाटल्या आणि तंबू वाहणारे हमाल नसते, तर ती निघती ना. त्या हमालांची नावे चित्रांखाली नाहीत.

आता छपाई. पहिली गोष्ट म्हणजे चित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. दीड फूट रुंदीचे चित्र हवे, तर दीड फूट रुंदीची काच आणि ती मावेल एवढा कॅमेरा. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटीच्या दरीत १८ इंच × २२ इंचांच्या काचा खेचरांवर लादून नेल्या, त्या याचसाठी.

दुसरी गोष्ट कागदाची. साध्या कागदावर चांदीचे क्षार लावले तर ते तंतूंत मुरतात आणि चित्र मऊ, किंचित धूसर येते. फ्रान्समधल्या लील शहराजवळ छपाईचा कारखाना काढणारे लुई ब्लांकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये यावर उपाय सुचवला तो अंड्याच्या पांढऱ्याचा. पांढऱ्यात मीठ किंवा नवसागर घालून ते फेस येईपर्यंत घुसळायचे, रात्रभर बसू द्यायचे, गाळायचे आणि त्यावर कागद अलगद तरंगवायचा. एकच बाजू ओली झाली पाहिजे, खाली बुडबुडा अडकता कामा नये. वाळला की कागदावर तुळतुळीत थर बसतो. हा कागद कित्येक महिने टिके. वापरायच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी तो सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा. थरातल्या मिठाशी त्याची अभिक्रिया होऊन तिथल्या तिथे सिल्व्हर क्लोराइड तयार होते. आपण परीक्षानळीत केले तेच, फक्त अंड्याच्या थरात.

ही युक्ती इतकी पसरली की पुढे जर्मनीतले ड्रेस्डेन हे अंड्याच्या कागदाचे मोठे केंद्र बनले. ४८० तावांच्या एका रिमासाठी सुमारे २७ डझन अंडी लागत. १८८८ मध्ये तिथल्या एका कंपनीने १८,६७४ रिमे कागद तयार केला. किती अंडी झाली, हा गुणाकार पाचवी-सहावीच्या मुलांना घालायला हरकत नाही. उत्तर ६० लाखांच्या वर जाते. अंडी फोडून पांढरे वेगळे काढायचे, कागद तरंगवायचे आणि वाळत घालायचे, ही कामे मुख्यतः बायका करीत. पांढरे काही दिवस आंबवले की कागदाला चकाकी जास्त येई, त्यामुळे कारखान्यातला वास कसा असेल त्याची कल्पना करावी. उरलेले पिवळे बलक कातडी कमावणाऱ्यांकडे आणि बेकरीवाल्यांकडे जात.

आता हा कागद निगेटिव्हला चिकटवून लाकडी चौकटीत बसवायचा आणि चौकट उन्हात ठेवायची. इथे डेव्हलपर नाही. चित्र उन्हानेच उमटते, डोळ्यांदेखत. चौकटीची मागची फळी दोन तुकड्यांची, बिजागरीने जोडलेली असे. एक तुकडा घट्ट ठेवून दुसरा उघडायचा, कागदाचे टोक उचलून रंग कुठवर आला ते पाहायचे आणि पुन्हा बंद करायचे. कडक उन्हात काही मिनिटांत काम होई, ढगाळ दिवशी तास-दोन तासही लागत. हाती हवे त्यापेक्षा चित्र जरा जास्तच काळे होऊ द्यायचे, कारण पुढच्या धुण्यांत ते फिके होते. किती जास्त? ते अनुभवाने ठरे.

या उन्हाच्या छपाईत एक गंमत आहे. कागदाचा जो भाग आधी काळा होतो, तो आपल्याच खालच्या थरावर सावली धरतो. त्यामुळे गडद भागांचे काळे होणे आपोआप मंदावते आणि उजळ भागांना मागून येऊन गाठायला सवड मिळते. सावलीतले बारकावेही राहतात आणि उजेडातलेही. आजच्या साध्या छपाईत हा गुण सहज मिळत नाही. जुन्या छायाचित्रांतल्या पानापानाच्या स्पष्टपणाचे अर्धे श्रेय या सावलीला द्यायला हवे.

उन्हातून काढलेले चित्र विटकरी-जांभळट दिसते. ते पाण्यात धुऊन सोन्याच्या क्लोराइडच्या द्रावणात घालायचे. सोने चांदीच्या कणांवर बसते, काही चांदीची जागाच घेते, आणि विटकरी रंग जाऊन थंड, जांभळट-तपकिरी छटा येते. सोने लागे अगदी थोडे, पण त्यामुळे चित्र टिकते. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. न वापरले गेलेले सिल्व्हर क्लोराइड ते विरघळवून टाकते. हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच, छायाचित्रणाच्या जन्माआधी वीस वर्षे, नोंदवून ठेवला होता. आणि शेवटी धुणे. वाहत्या पाण्यात कित्येक तास. हे शेवटचे काम सगळ्यांत कंटाळवाणे असल्याने त्यातच चालढकल होई. तिचे परिणाम पुढे येतीलच.

ल ग्रे यांचा समुद्र

ग्युस्ताव्ह ल ग्रे यांचा जन्म १८२० चा. पॅरिसमध्ये ते पॉल दलारोश या चित्रकाराच्या हाताखाली चित्रकला शिकले आणि तिथून छायाचित्रणाकडे वळले. कागदी निगेटिव्ह आधीच मेणात भिजवून पारदर्शक करण्याची त्यांची पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवासात जाणाऱ्यांना ती फार सोयीची पडली, कारण असा कागद आधी तयार करून ठेवता येई. त्याच वर्षी फ्रान्स सरकारने देशातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी पाच जणांची निवड केली, त्यांत ते होते. छपाईच्या बाबतीत हा माणूस विलक्षण चोखंदळ होता. एकाच निगेटिव्हच्या प्रती वेगवेगळ्या छटांत काढून, कोणत्या रसायनाने कोणता रंग येतो याची टिपणे त्यांनी छापून प्रसिद्ध केली. छायाचित्रणाने धंद्याच्या वाटेला न जाता कलेत स्थान मिळवावे, असे ते लिहीत. धंद्याच्या वाटेला ते स्वतःही गेलेच, पण ते नंतर.

१८५६ ते १८५८ या काळात त्यांनी नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर छायाचित्रे घेतली. पहिले गाजले ते समुद्रावरच्या एका शिडाच्या जहाजाचे. ढगाआडून फाकलेला उजेड, खाली पाण्यावर चमचमणारा पट्टा. लंडनच्या प्रदर्शनात लोकांना ते चांदण्यातले वाटले. चांदण्यात त्या काळी असे चित्र निघणे शक्यच नव्हते. ते होते भर दिवसाचे, सूर्याच्या दिशेने कॅमेरा धरून, अगदी थोड्या वेळात घेतलेले. इथे ल ग्रे यांनी ओळखलेली गोष्ट अशी की समुद्राचे पाणी आभाळाचाच उजेड परत पाठवते. झाडी आणि आभाळ यांच्या उजेडात जेवढी दरी असते, तेवढी पाणी आणि आभाळ यांच्यात नसते. म्हणून एकाच काचेवर दोन्ही सामावले. बाकी सगळे काळोखात गेले, आणि त्यालाच लोक चांदणे समजले.

पण प्रत्येक वेळी हे जमण्यासारखे नव्हते. दक्षिण फ्रान्समधल्या सेत बंदराजवळ १८५७ मध्ये घेतलेले मोठ्या लाटेचे चित्र पाहा. फुटणारी लाट आहे, पुढे काळे खडक आहेत, बाजूला बंदराचा धक्का आहे, वर जड ढग आहेत. खडकांना लागणारा वेळ वेगळा, ढगांना लागणारा वेगळा. ल ग्रे यांनी दोन काचा वापरल्या : एक समुद्राची, एक आभाळाची. आधी समुद्राची काच लावायची आणि आभाळाच्या जागी काळा कागद झाकून समुद्र छापायचा. मग छापलेला समुद्र झाकायचा, आभाळाची काच लावायची, आणि पुन्हा ऊन. ही युक्ती अगदी त्यांचीच असे नाही. इपोलित बेयार यांनी ढगांसाठी वेगळी काच वापरण्याची सूचना १८५२ मध्ये केली होती. पण ल ग्रे यांनी ती ज्या सफाईने केली, तशी आधी कुणी केली नव्हती.

समुद्रच का, हेही यातून कळते. क्षितिज ही सरळ रेषा आहे. झाकणाचा कागद सरळ कापला की काम झाले. तेच झाडाच्या शेंड्याभोवती करायचे तर कागद पानापानाने कापावा लागेल. डोंगर असेल तर थोडी सवलत मिळते. आभाळाचा फिकट रंग आधीच गडद छापलेल्या डोंगरावर किंचित उतरला तरी दिसत नाही. म्हणून नंतरचे छायाचित्रकार झाकणाची कड सरळ न ठेवता तिला कापूस लावत किंवा ते ऊन पडत असताना हळूहळू हलवत, म्हणजे सांधा विरून जाई. ल ग्रे यांच्या लाटेच्या चित्रात मात्र तो शोधला तर सापडतो. क्षितिजाशी ढग कापल्यासारखे थांबतात. शिवाय त्यांच्या आभाळांपैकी काही एकाहून अधिक समुद्रांवर दिसतात. वेगळा किनारा, ढग तेच!

मग या चित्रांना खोटे म्हणायचे का? त्या वेळीही याबद्दल वाद झाले. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्हे जोडून एक प्रचंड प्रसंगचित्र बनवले, तेव्हा तर वादाला तोंडच फुटले. पुढे ढगांच्या तयार काचा विकत मिळू लागल्या आणि मार्गदर्शक पुस्तकांना ताकीद द्यावी लागली, की बाबांनो, खाली ऊन डावीकडून असेल तर आभाळातले ऊन उजवीकडून आणू नका. ही ताकीद द्यावी लागली याचाच अर्थ लोक तसे करीत होते.

मला स्वतःला ल ग्रे यांचा गुन्हा वाटतो त्याहून लहान वाटतो. आभाळ कोरे ठेवणाऱ्याचे चित्र ‘निसर्गाने जसे दिले तसे’ असते, ही समजूतच आधी तपासायला हवी. ते कोरेपण चांदीच्या आंधळेपणातून आले आहे. किनाऱ्यावर उभ्या माणसाने तसे आभाळ कधी पाहिले नाही. उलट अनेकांनी निगेटिव्हवरचे आभाळ मागून काळ्या रंगाने लिंपून टाकले, कारण कलोडियनच्या थरातले डाग आणि ओघळ तिथे उठून दिसत. म्हणजे कोरे आभाळसुद्धा हाताने केलेलेच. वॉटकिन्स यांच्यासारख्यांनी त्या पांढऱ्या जागेचा उपयोग करून कड्यांची रेघ ठळक केली. त्यांची योसेमिटीची चित्रे वॉशिंग्टनमधल्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोचली होती. १८६४ मध्ये ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर अध्यक्ष लिंकन यांनी सही केली, त्यामागे या चित्रांचाही हात होता असे मानले जाते.

फरक पडतो तो आपण चित्राला काय विचारतो त्यावर. जुन्या छायाचित्रांवरून हिमनद्या किती मागे सरल्या हे आज अभ्यासक ताडून पाहतात, किनारे किती खचले ते मोजतात. तिथे खालच्या काचेची साक्ष चालते. वरच्या काचेला मात्र हवामानाबद्दल काही विचारू नये. सेतच्या लाटेवर त्या दिवशी कोणते ढग होते, हे त्या चित्रावरून कधीच कळणार नाही.

ब्रह्मदेश आणि मुंबई

आपल्या बाजूलाही हा प्रश्न होताच. लिनियस ट्राइप हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी १८५५ मध्ये ब्रह्मदेशाच्या दरबारी गेलेल्या इंग्रजांच्या शिष्टमंडळाबरोबर छायाचित्रकार म्हणून गेला. निगेटिव्हे कागदी. कागदाचा एक फायदा असा की त्यावर चित्र रंगवता येते. ट्राइपने निगेटिव्हवर कुंचल्याने रंग लावून ढग काढले, पाण्यावरची चमक सुधारली, कुठे पानांच्या कडा ठीक केल्या. निगेटिव्हवर जिथे रंग, तिथे छापल्यावर उजळ, हे उलटे गणित मनात धरून! मग बंगलोरला परतून १२० चित्रांचे ५० संच छापायचे काम निघाले. म्हणजे ६,००० प्रती, एकेक करून, उन्हात. हे ढग दुसऱ्या दिवशीच्या आभाळातूनही आलेले नाहीत, ते ट्राइपच्या हातचे आहेत. तरी देवळे आणि नदीकाठ यांच्यासाठी ही चित्रे आजही अभ्यासक उघडतात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली, लंडनच्या सोसायटीनंतर अवघ्या एका वर्षाने. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात होते आणि स्वतः छायाचित्रे घेत. या सोसायटीच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात मुंबईहून एक छायाचित्रांचे मासिक निघे, दर अंकात तीन चित्रे. छायाचित्र शाईने छापायची जाळीच्या ठशांची पद्धत तेव्हा नव्हती. त्यामुळे अंकातली चित्रे म्हणजे खरोखरीच्या प्रती, हाताने चिकटवलेल्या. समजा, अंकाच्या शंभर प्रती काढायच्या, तर चौकट तीनशे वेळा उन्हात जायची. पावसाळ्यात संपादकाचे काय होत असेल! आपल्याला मजकूर वेळेवर येत नाही म्हणून त्रागा करणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवावी.

फिकट होणारे

या सगळ्या कष्टांवर पाणी पडायची वेळ फार लवकर आली. नव्या धंद्याची पहिली दहा-पंधरा वर्षे उलटतात न उलटतात तोच विकत घेतलेली चित्रे लोकांच्या हातात पिवळी पडून विरू लागली. लंडनच्या सोसायटीने १८५५ मध्ये यावर समितीच नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिच्या खर्चासाठी ५० पौंड दिले. समितीने दोष ठेवला तो मुख्यतः अर्धवट धुतलेल्या हायपोवर. कागदात राहिलेल्या हायपोतले गंधक हळूहळू चांदीशी संयोग पावते, काळ्या-तपकिरी चांदीचे फिके पिवळे सिल्व्हर सल्फाइड बनते. दमट हवा या कामाला मदत करते. सोन्याने लेपलेले कण जास्त तग धरतात, म्हणून समितीने सोन्याच्या द्रावणाची शिफारस केली.

अंड्याच्या कागदाचा आणखी एक दोष मात्र धुऊन जाणारा नव्हता. अंड्यातली प्रथिने चांदीला धरून ठेवतात, आणि काळ जातो तसा चित्राचा पांढरा भाग पिवळसर होत जातो. त्याच वेळी उजळ भागातले फिकट बारकावे आधी नाहीसे होतात, कारण तिथे चांदीचे कण आधीच थोडे आणि फार लहान असतात. आता फिकट बारकावे चित्रात कुठे असतात? लांबच्या डोंगरांवर आणि ढगांत. म्हणजे ज्यासाठी दुसरी काच लावली, दुसऱ्यांदा ऊन दिले, तेच आधी जाते. आज आपल्याला कोरे दिसणारे एखादे आभाळ छापले गेले त्या दिवशीही कोरे होते, असे प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगता येत नाही. संग्रहालये अशी चित्रे अंधारात, कोरड्या थंड हवेत ठेवतात आणि थोड्या दिवसांपुरतीच बाहेर काढतात, ती याच भीतीने.

ल ग्रे यांच्या प्रती यातून बऱ्याच अंशी वाचल्या. सोन्यावर आणि धुण्यावर त्यांनी काटकसर केली नव्हती. पण त्यामुळे त्यांचा धंदा तरला नाही. पॅरिसच्या हमरस्त्यावरचा त्यांचा भव्य स्टुडिओ, स्वस्त लहान चित्रांची लाट आली तेव्हा, कर्जात बुडाला. मोठ्या काचा, दोनदा छपाई, सोने. एवढा वेळ देऊन काढलेल्या चित्राची किंमत द्यायला गिऱ्हाईक नव्हते. १८६० मध्ये बायको-मुलांना मागे ठेवून ते लेखक अलेक्झांडर द्युमा यांच्या जहाजावर चढले. पालेर्मोत गॅरिबाल्डीचे आणि लढाईत पडलेल्या घरांचे छायाचित्र घेतले, माल्टाला द्युमांशी बिनसले, आणि ते तिथेच उतरले. सिरिया, लेबनॉन करीत कैरोला पोचले आणि तिथे चित्रकला शिकवून पोट भरू लागले. फ्रान्सला ते परतले नाहीत. १८८४ मध्ये कैरोतच त्यांचे निधन झाले. १९९९ च्या ऑक्टोबरात लंडनला एका लिलावात सेतच्या लाटेची एक प्रत ५,०७,५०० पौंडांना गेली. लिलावात छायाचित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती.